पहिली हळद आणि बंद गाल

३ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. मी बोलणार, अवंतिका लिहिणार. अक्षरांशी माझी कधी ओळख झाली नाही. ही वही कुणी वाचायची नाही. लिहिणारीनेही नाही.
मला राग आलाय, आणि त्याचं कारण हीच अवंतिका, माझी नात. फेब्रुवारीत लग्न, आणि गालावरच्या मुरुमांच्या खड्ड्यांवर लेझर मारून घेणार म्हणते. चेहरा आहे की सडक?
निश्चय: माझ्या लेपाने महिन्यात गाल साफ करून दाखवीन. मसूर, हळद, साय. बस.

११ ऑक्टोबर
लेप लावून घेत नाही. म्हणते, आजी, जिद्द मत करो, शाळेत असताना लावला होता, खड्डे त्यानंतरच पडले. साफ खोटं. लिही, साफ खोटं. पेन थांबवू नकोस.

१९ ऑक्टोबर
लेझर झालं. नजर ठेवायला मी गेले होते. आधी मलम लावून गाल सुन्न केले, मग डोळ्यांवर झाकणं, मग जळका वास. बाहेर आली ती बीटासारखी लाल.
डॉक्टरीणबाई नातीच्याच वयाची. मला म्हणाली, अम्माजी, ऊन नाही, घासणं नाही, आणि लग्नापर्यंत चेहऱ्याला हळद बिलकुल नाही.
हळद नाही! आमच्या घरातल्या प्रत्येक मुलीला पहिली हळद घरातली सगळ्यांत मोठी बाई लावते. पायांपासून सुरू, गालांवर शेवट. इतकी वर्षं वाट बघून मी मोठी झाले, आणि आता गालच बंद!
निश्चय: अवंतिकेशी बोलणं बंद.

२० ऑक्टोबर
न बोलता लिहून घेता येत नाही. मौन रद्द. राग कायम.

१४ जानेवारी, संक्रांत
शेवटचं सिटिंग होऊन गेलं. सून सीमंतिनी सगळ्यांना सांगत फिरते की खड्डे भरले. थंडीने भरलेत. थंडीत माझ्याही टाचा सोडून सगळं बरं दिसतं.
निश्चय: हळदीच्या दिवशी भर मांडवात दोन्ही गालांवर झटकन बोट फिरवीन. कुणाला कळायच्या आत. अवंतिका, हे लिही आणि विसर.

२९ जानेवारी, दुपार
घरात कुणाचाच विश्वास नाही. म्हणून लेप स्वतःला लावला. दुप्पट हळद घालून, दोन्ही हातांनी चोळून, गच्चीवर उन्हात आडवी झाले. उद्या बघाच माझा चेहरा.

३० जानेवारी
बघितला सगळ्यांनी. डोळे उघडत नाहीत, हातांवर पुरळ. मसूर शिळी असणार. गुस्सा इतका की मलमही गरम लागतं.
त्याच क्लिनिकात नेलं मला. डॉक्टरीणबाई हसली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, अम्माजी, या हातांना आता हळद चालणार नाही.
हळद चार दिवसांवर. पहिला हात सीमंतिनी लावील म्हणे. तिला वाटतं मी रडले. मलम डोळ्यांत गेलं होतं.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
हळद झाली. अवंतिकेने क्लिनिकातून रबरी हातमोजे आणून माझ्या हातांत चढवले. मग पाटावर बसून पाय पुढे केले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, पहिली हळद आजीचीच, नाहीतर कुणाचीच नाही.
पाय झाले. गुडघे, खांदे. बोट गळ्यापाशी आलं. तिने डोळे मिटले. माझा बेत तिनेच लिहिलेला, तरी मान मागे घेतली नाही.
मी तिथेच थांबले. मोजा निसटत होता म्हणून. दुसरं काही नाही.
लीलाताई, आमच्या विहीणबाई, उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. विचारलं, हातमोजे कशाला? मी सांगितलं, आमच्या ग्वाल्हेरच्या घराण्याचा जुना रिवाज आहे. त्यांनी आपल्या धाकट्या मुलीच्या हळदीसाठी एक जोड मागून नेला.
गाल छान दिसत होते. हे लिहू नकोस.
लिहिलंस? खोड.
हसतेस काय, खोड म्हणते ना!