बिननावाची पट्टी

३ जुलै

सकाळी दवाखान्यात नेहमीसारखं ईसीजीचं मशीन आधी स्वतःला लावून पाहिलं. जुनं मशीन. पट्टीवर नाव छापत नाही, पेनाने लिहावं लागतं. माझी पट्टी उमटली की मी न बघताच फाडतो. आज फाडायची राहिली! तेवढ्यात मास्तर आले, गावच्या शाळेत मला बाराखडी शिकवणारे. ‘‘गणितात कच्चा होतास, पण माझे ठोके नीट मोज रे!’’

पट्टी काढली, त्यांना हात धरून उठवलं. वळून पाहतो तर टेबलावर दोन पट्ट्या, दोन्ही बिननावाच्या. एक नीट, ठोके सारख्या अंतरावर. दुसरीत ठोक्यांमधली अंतरं वाटेल तशी, उंच टोकाआधीचा छोटा उंचवटा नाहीच. हिच्यावर मास्तरांचं नाव घातलं. चांगली ती माझी म्हणून फाडली.

४ जुलै

डॉक्टरांनी मास्तरांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या. गुठळी होऊ नये म्हणून. माझी आजची पट्टी नीट. म्हणजे ती बिघडलेली त्यांचीच. मग देवापुढे बसलो की चोरी केल्यासारखं का वाटतंय?

९ जुलै

काही सुचत नाही.

१२ जुलै

मास्तर आले. दंडावर निळा डाग. दाढी करताना कापलं ते रक्त थांबेना म्हणाले. ‘‘पण पट्टी तू काढलीस, म्हणजे गोळी बरोबरच असणार!’’ पुन्हा काढली. कागदाच्या कडेवर पेन्सिलीने खुणा करून सरकवत गेलो — प्रत्येक टोक खुणेवर. पण हा दोष येतो-जातो. आजच्या नीट पट्टीने काहीच ठरत नाही. त्यांच्याही, माझ्याही.

घरी ही म्हणाली, ‘‘भातात बोटं फिरवताय नुसती. भांडलात का कुणाशी?’’ ‘‘छे!’’

१५ जुलै, सकाळ

जप करताना मनगटावर बोट ठेवलं. दोन ठोके घाईत, मग एकदम गप्प. मणी एकीकडे, नाडी दुसरीकडे. की घाबरलो म्हणून असं? कुणासाठी घाबरलो — मास्तरांसाठी की माझ्यासाठी? कळत नाही. एवढंच कळतं — त्या दिवशी नाव मी पट्टी बघून नाही, वय बघून लिहिलं.

१५ जुलै, संध्याकाळ

डॉक्टरांना सगळं सांगितलं.  त्यांनी माझ्यासमोरच मास्तरांना फोन केला, उद्या सकाळी गोळी न घेता या म्हणून. मला म्हणाले, ‘‘शर्ट काढा. झोपा.’’

सिस्टरने तारा लावल्या. मशीन सुरू करणार, एवढ्यात मी पडल्या पडल्या म्हटलं, ‘‘सिस्टर, आधी कागदावर नाव लिहा. माझं.’’