खांद्यावरचा गिटारवाला

कोल्हापूर, रविवार, १२ मार्च १९७८

आज उचगावच्या जत्रेत आमच्या ऑर्केस्ट्रानं मैदान मारलं आणि माझा अ‍ॅम्प्लिफायर मेला. दोन्ही एकाच मिनिटात.

शेवटचं गाणं संपलं तशी पोरं स्टेजवर चढली. "शाबास रं पठ्ठ्या!" म्हणत मला फेटा बांधला, खांद्यावर घेतलं आणि कुस्ती मारलेल्या पैलवानासारखं मिरवायला निघाली. गिटार गळ्यात आणि वायर तशीच जोडलेली! मी ओरडतोय, "आरं, वायर! वायर!" त्यांना वाटलं, मी खुशीनं ओरडतोय. पाच पावलं गेली असतील, वायर ताणली आणि मागं धाडकन आवाज. नवा कोरा अ‍ॅम्प्लिफायर स्टेजवरनं खाली. फेटा बांधून घेताना वायर काढायला काय झालं होतं मला? फेट्यानं डोकं फिरलं, दुसरं काय.

पण खरी भीती आबांची. माझे वडील म्हणजे कुस्तीच्या मैदानात जन्मभर हलगी वाजवलेला माणूस. माझ्या गिटारीला 'विजेचं तुणतुणं' म्हणणारे. आज पहिल्यांदाच ऐकायला आलेले आणि नेमकं हे! घरी येईपर्यंत ते पुढं, मी मागं. म्हटलं, आता खानदानाची अब्रू निघणार.

जेवताना बोलले. "चाळीस वर्सं वाजीवलं म्या. उचलत्यात ते पैलवानाला. वाजीवणाऱ्याला उचलल्यालं आज बघिटलं."

आईनं उगाचच आणखी एक भाकरी वाढली.

हात धुऊन उठताना आबा म्हणाले, "फुडच्या जत्रंला वायर लांब घे की."