पट्टीच्या पोटातलं नाव

मालवण, ८ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप माईचे चरणी,
विनीतचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. आई बरी आहे. मी बरा नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि हे शेजाऱ्यांकरवी सांगण्यासारखं नाही, म्हणून दुपारी बाजार बंद असताना दुकानात बसून लिहीत आहे.

काल धामापूरहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीचं नाव गौरजा, लग्न चार डिसेंबरला. उंची चार फूट दहा इंच, आणि तीही तिने टाचा किंचित उचलल्या म्हणून. सासरहून लग्नात नेसायला शिवलेली नऊवारी आली आहे, खास कोल्हापूरहून नवी आणलेली म्हणे. ती हिला फार मोठी होते, तेवढी बारकी करून द्या, असं म्हणत त्यांनी पिशवीतून साडी काढली. माई, आंबा रंग, डाळिंबी काठ. मी काउंटर घट्ट धरला.

तरी म्हटलं, अशा साड्या शंभर असतील. नऊवारीची उंची खालून काढली तर काठ जातो, ती कमरेतून काढावी लागते, हे तूच शिकवलंस. म्हणून त्या गेल्यावर कमरपट्टी उसवली. पट्टीच्या पोटात तांबड्या दोऱ्याने ‘अस्मिता’ लिहिलेलं आहे. सावंतवाडीला तुझ्या मशीनशेजारी बसून मीच लिहिलेलं. एकोणीस दिवस लागले होते मला ताईची ती साडी शिवायला.

मुलीला नवरा कुठला ते आधीच विचारलं होतं. देवबागचा सर्वेश. हौसाबाईंचा मुलगा.

तुला आठवण करून द्यायला नको, पण लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. तीन वर्षांपूर्वी, ताईच्या लग्नाला बारा दिवस उरले असताना, हौसाबाईंनी तिला घर बघायला म्हणून बोलावलं आणि वीस माणसांदेखत माजघराच्या चौकटीला अनवाणी उभं केलं. आधी सर्वेशच्या डोक्यावर पेन्सिलीची रेघ मारली, मग ताईच्या. ताईची रेघ दोन बोटं वर गेली. मी दारात शहाळी घेऊन उभा होतो. हौसाबाई मुलाकडे बोट करून म्हणाल्या, ह्या माडाच्या बाजूक माझो झील खुजो दिसतलो. माड कसला, पाच फूट तीन इंच आहे ताई. सर्वेश जमिनीकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आणि आपण अंगठी, नारळ, सगळं परत केलं. शिवलेली साडीसुद्धा, कारण कापड त्यांचं. ती शिवली कुणी हे त्यांनी विचारलंही नाही. म्हणून तर काल ती माझ्याच दुकानात आली.

आता माझं ठरलं आहे. कमरेला पक्की टीप मारीन. पण काष्ट्याची मधली शिवण उसवून मी त्या जुन्या रिळाने शिवली आहे, बाबांच्या वेळचं, दमट हवेने कुजलेलं. वरून टाका अगदी सरळ दिसतो. उभं राहिलं, चाललं, तर धरतो. खाली बसलं की जातो. हे मी अंदाजाने लिहीत नाही. शटर खाली ओढून, साडी पँटवरून चढवून मी स्वतः बसून-उठून पाहिलं. चौथ्या बैठकीला गेली. पुन्हा शिवली, पुन्हा चौथ्याला गेली. लग्नात नवरी निदान पाच वेळा पाटावर बसते. त्यांनी माझ्या ताईला वीस माणसांत मोजलं, मी त्यांना चारशे माणसांत उसवीन.

सल्ला नको आहे. एवढंच सांग, चौथ्या बैठकीपर्यंत थांबायचं नसेल तर टाका थोडा लांब घेऊ का? की ते दिसेल? ताईला यातलं अक्षरही कळवू नकोस.

चुकलेल्या शब्दांना नेहमीसारखे तांबडे गोल कर, पण पत्र परत पाठवू नकोस, कुणाच्या तरी हाती लागेल. तुझा हात पाठीवर असू दे, या वेळी जरा जास्तच.

तुझा भाचा,
विनीत


सावंतवाडी, १२ नोव्हेंबर २०२५

चि. विनीत यास,
माईचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक कानफटात.

पत्रात एकही चूक नाही. माणूस सूड घ्यायला निघालाय आणि वेलांट्या शाळेतल्यासारख्या सरळ! तुझं पत्र वाचताना पेज उतू गेली आणि मी तशीच बसून राहिले. हौसा. देवासमोर गाऱ्हाणं घालायला उभी राहिले की गेली तीन वर्षं पहिलं तिचंच नाव तोंडात येतं. तेव्हा मी तुला क्षमा शिकवीन अशी भीती बाळगू नकोस. ती माझ्याकडे नाही.

पण तुझा बेत मठ्ठ आहे. शिवण फुटली की लोक हौसाला हसतील असं तुला वाटतं. लोक त्या पोरीकडे बघतील. मग विचारतील, शिवली खंय? तर मालवणात विनीतकडे. आणि तो शिकला कोणाकडे? हौसा जेवून, विडा खाऊन घरी जाईल. आणि त्या पोरीने तुझं काय घोडं मारलंय रे?

जरा डोकं चालव. हौसाला हवंय काय? झील उंच दिसायला हवा. त्यापायी तिने एक मुलगी टाकली आणि दुसरी ठेंगणी बघून आणली. तेच तिच्या हातून काढून घे. लग्नात दोघंही अनवाणी, उंच टाचांची लबाडी चालत नाही. जे काय होईल ते शिवणीनेच. म्हणून नीट वाच. पाच इंच काढू नकोस, अडीचच काढ आणि कमरपट्टी वर चढव, बेंबीच्या चार बोटं वर. निऱ्या बोटाएवढ्या अरुंद, आणि कमरेपासून पायापर्यंत एका रेघेत. मध्ये मोडल्या तर सगळी मेहनत पाण्यात. काठ पावलावर टेकू दे, घोटा दिसला की उंची तुटते. पदर अरुंद घडीचा, खांद्यावरून सरळ खाली. पोलक्याचा गळा खोल, म्हणजे मान लांब दिसेल. वर उंच खोपा घालायला सांग. मग बघ, हौसाचा झील कुठे दिसतो ते.

आता नावाचं. ज्या नवरीचं नाव, तिनेच ते उसवायचं, दुसऱ्याने त्याला कात्री लावायची नाही, हा आपल्या घरचा नेम तुझ्या आजीपासून आहे. म्हणून मी अस्मिताला कळवलं आहे. ओरडू नकोस, मला ऐकू येत नाही.

तुझ्यावर जीव आहे म्हणून इतकं लिहिलं, नाहीतर बोटं दुखतात.

तुझी,
माई


मालवण, २० नोव्हेंबर २०२५

ती. माईस,
शि. सा. न. वि. वि.

ताईला कळवलंस ते बरं केलं नाहीस. ओरोसला तिची नर्सची नोकरी, तिच्या पाळ्या, कसं तरी तिने स्वतःला सावरलं आहे. ती रविवारी येते म्हणते. तोपर्यंत नाव तसंच ठेवलं आहे.

काल गौरजा मापाला आली, एकटीच. स्टुलावर बसली तर पाय जमिनीला टेकत नव्हते. सोबत खाज्याची पुडी आणली होती. मी ती गल्ल्यामागे ठेवली, खाल्लं नाही. तुझ्या सांगण्याप्रमाणे निऱ्या टाचून तिला आरशासमोर उभं केलं, तर ती एकदा पुढून, एकदा बाजूने वळून बघत राहिली. मग म्हणाली, घरात सगळे माका वाटाणो म्हणतत, आज पयल्यांदाच शेंग दिसतंय. मला हसू आलं, मी ते गिळलं.

खोप्याचं सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. सासूबाईंनी बजावलंय, केस चापून बांध, वर काही घालू नकोस. मग तिने आपणहून सांगितलं की साखरपुड्याआधी त्यांनी तिलाही चौकटीला उभं केलं. तिची रेघ सर्वेशच्या रेघेच्या चार इंच खाली आली तेव्हा हौसाबाईंनी तिथल्या तिथे साखर वाटली. पण सर्वेशच्या वर आणखी एक रेघ होती, माई. तिने विचारलं, ही कोणाची? त्यांनी सांगितलं, सुताराची. गौरजा मला विचारत होती की सुतार माणसाच्या डोक्याच्या उंचीवर कशाला रेघ मारील. मी तोंडात टाचण्या धरून बसलो होतो, ते बरं झालं.

तर तू सांगितलेलं सगळं करतो आहे. पण काष्ट्याची शिवण मी बदललेली नाही आणि बदलणार नाही. दोन्ही का होऊ नये? आधी उंच दिसू दे, मग फुटू दे. पुसलीसुद्धा नाही त्यांनी ती रेघ. ताईला सुताराची रेघ करून टाकली.

रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझा,
विनीत


मालवण, २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय माई,
अस्मिताचा सा. न. वि. वि.

काल इथे आले, आज परत निघते आहे. विनीत तुला सगळं लिहील, पण स्वतःबद्दलचं गाळील, म्हणून हे चार शब्द.

नाव मी उसवलं.  ‘अ’चा शेवटचा टाका निघता निघेना, इतका त्याने बारीक घातला होता. मग सवयीने बाकीच्या शिवणी ओढून पाहिल्या, आम्ही बँडेज बांधल्यावर पाहतो तशा. काष्टा माझ्या हातात उघडा झाला. मी विनीतकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि बैठकांचं सगळं गणित मला सांगून बसला.

मी त्याला म्हटलं, विनीत, हौसाबाईंचं वाईट व्हावं असं मलाही वाटतं. तुझ्यापेक्षा जास्त वाटतं, कारण चौकटीला मी उभी होते, तू दारात होतास. पण जे काय व्हायचं ते त्यांचं होऊ दे. आणखी एका मुलीला लोकांत उभं करून लाजवायचं, हे त्यांचं काम आहे, ते तू करू नकोस. शिवाय साडी माझी आहे. माझ्या साडीची शिवण फुटलेली मला चालणार नाही.

त्याने ते कुजकं रीळ माझ्यासमोर गटारात टाकलं आणि नव्या दोऱ्याने दुहेरी टीप मारली. मग मी त्याला साडी चढवायला लावली आणि बैठका काढायला सांगितल्या. पंचवीस काढल्या. सव्विसाव्याला त्याचे गुडघे गेले, शिवण गेली नाही.

पट्टीत गौरजाचं नाव मी लिहिलं. मला उलट्या टाक्याची फारशी सवय राहिली नाही, तेवढं हसू नकोस. खाजं होतं ते आम्ही दोघांनी संपवलं.

आता दर रविवारी येईन म्हणते, बायकांची मापं घ्यायला विनीतकडे कोणी नाही. तुझी आठवण काढत असते. तूही काढत जा.

तुझी,
अस्मिता


मालवण, ६ डिसेंबर २०२५

ती. माईस,
शि. सा. न. वि. वि.

लग्न पार पडलं. गौरजाच्या आईने आग्रहाने बोलावलं म्हणून गेलो, खिशात सुई-दोरा घेऊन मागच्या रांगेत बसलो. ती पाच नव्हे, सात वेळा पाटावर बसली. प्रत्येक वेळी मी खिशातली सुई चाचपली. काही झालं नाही.

गौरजाने खोपा घातला होता, चांगला मूठभर उंच. अंतरपाट धरला तेव्हा दोन्हीकडची डोकी एका रेषेत होती, आणि तो खाली आला तेव्हा माई, ती समईसारखी सरळ उभी होती. माझ्या पुढच्या रांगेतले एक म्हातारे मोठ्याने म्हणाले, न्हवरो खंय आसा रे? माका आपली व्हकलच दिसता. सगळी रांग नवरीकडे बघून हसली. फोटोवाला सर्वेशला सारखा ताठ उभं राहायला सांगत होता. हौसाबाईंनी त्याच्या पायाखाली दुसरा पाट सरकवायला लावला, तर भटजींनी तो उचलून बाजूला ठेवला.

मग त्या गौरजाजवळ गेल्या, निऱ्यांना हात लावून पाहिलं, काहीतरी विचारलं. गौरजाने हसत माझ्याकडे बोट केलं. त्यांनी मला ओळखलं. मी उठून, हात जोडून नमस्कार केला. त्यांना काही बोलता येईना, कारण बोलायचं तर साडी कोल्हापूरची नव्हे हे सांगावं लागेल.

तुला खरं लिहितो. मला वाटलं होतं पोट भरेल. भरलं नाही. जेवणसुद्धा गेलं नाही.

तुझा,
विनीत


मालवण, १२ जानेवारी २०२६

ती. माईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. तू विचारलंस की पोट अजून रिकामंच आहे का. तर ऐक.

काल रविवार. संक्रांत तोंडावर, दुकानात बायकांची ही गर्दी. अकराच्या सुमारास गौरजा आली, आणि मागून हौसाबाई. पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू घरी आहे, सासूला पोलकं हवं, आणि सुनेने हट्ट धरला की माझी नऊवारी जिथे झाली तिथेच शिवायचं. नको म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण सांगण्याजोगं नव्हतं.

त्या उंबऱ्यात आल्या आणि आत टेप गळ्यात घातलेली ताई उभी. त्या मागे वळल्या, तर मागे तीन बायका उभ्या. ताई अगदी गोड आवाजात म्हणाली, या, हात वर करा.

माई, देवबागच्या हौसाबाई माझ्या दुकानात दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. ताईने माप घ्यायला घाई केली नाही. छाती, कमर, दंड, एकेक आकडा तिने खणखणीत वाचला, आणि मी तो परत मोठ्याने म्हणून वहीत लिहिला. कमरेचा आकडा तिने दोनदा वाचला. बाकावरची एक बाई गालात हसली.

मग ताई म्हणाली, आता जरा त्या चौकटीला उभ्या राहा. चप्पल काढून.

गौरजा इतका वेळ ताईकडे बघत होती. तिची नजर ताईच्या डोक्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. सुताराची रेघ तिला तेव्हा कळली असावी.  माझ्या कानावरची पेन्सिल तिने काढून घेतली आणि ताईच्या हातात दिली.

हौसाबाई चौकटीला उभ्या राहिल्या. सगळं दुकान बघत होतं. ताईने त्यांच्या डोक्यावर रेघ मारली, टेप लावली आणि आकडा वाचला: चार फूट आठ. सुनेहून दोन इंच कमी. मला दया आली नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

पोलक्याला उंचीचं माप लागत नाही, हे तुला, मला आणि ताईला माहीत आहे. मी ते वहीत नीट लिहून घेतलं. चौकटीवरची रेघ पुसणार नाही.

पोलकं वेळेत देईन, टीप पक्की असेल. तुझी माया आमच्या दोघांवर अशीच राहू दे.

तुझा,
विनीत