अकराची ताणमुक्ती

४ मार्च
आजपासून रोज अकराला ताणमुक्ती! दहा मिनिटं डोळे मिटायचे. श्वास आत, श्वास बाहेर. वरून आदेश आहे. आम्ही मिक्सर कंपनीच्या तक्रार विभागात चौघी. लोकांच्या मिक्सरचं झाकण उडतं, आतलं सगळं छताला जाऊन चिकटतं आणि शिव्या आम्हाला. दहा मिनिटांत सात फोन वाजले. ताण दुप्पट.

५ मार्च
मीच डोकं चालवलं. अकराच्या ठोक्याला चारही रिसिव्हर काढून टेबलावर ठेवले. काय ती शांतता! शेजारच्या टेबलावरच्या ताई तर चक्क घोरल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, पण ऑफिसात आजवर डोळा लागला नव्हता म्हणे. मी पहिल्याच महिन्यात तरबेज झाले होते.

१३ मार्च
साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला — तक्रारी घटल्या! घटणारच. फोनच लागत नाही तर नोंद कशाची करणार? साहेब म्हणाले, "शांत कर्मचारी, समाधानी ग्राहक." मी मान डोलावली. माझ्या बापाचं काय जातंय!

१४ मार्च
ताणमुक्ती आता वीस मिनिटं. दिवसातून तीनदा.

२१ मार्च
तक्रारी निम्म्यावर. विभागाला बक्षीस म्हणून प्लॅस्टिकचं झाड. त्याला पाणी घालायची जबाबदारी कुणाची, यावर पाच मिनिटं चर्चाही झाली. टाळ्या चालू असताना ताई कानाशी पुटपुटल्या, "अगं, खरं काय ते सांगून टाकूया का?"
मी म्हटलं, "आयतं मिळतंय ताई, घ्या की."
घरी आले तर जेवण जाईना. उगाचच.

२७ मार्च
पत्र आलं. तक्रारी एवढ्या कमी, तेव्हा विभागात एकजण पुरे. बाकीच्या तिघी महिनाअखेर घरी. यादीत सगळ्यात वर ताई. मी राहणार — वयाने लहान, पगाराने त्याहून लहान.
ताईंनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार? लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात, मी तो ताईंच्या पायावर घातला. फार लाज वाटतेय.
उद्या साहेबांना सगळं सांगणार. माझी गेली तर गेली.

२८ मार्च
सांगितलं. रिसिव्हर कोणी काढले, केव्हापासून, कल्पना कुणाची — एका दमात. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"माहीत आहे मला," म्हणाले. "म्हणून तर दहाची वीस केली."