पाच जणांनी दोन कूलर कमी केले

ती. साहेबरावमामांना गोकुळचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता वाकत असेल, मामींचा चष्मा सापडला असेल. इकडं आम्ही मजेत. मामा, मला एक शोध लागलाय.

वाळूजची नोकरी सोडून शहागंजात कूलरचं दुकान टाकलं, ते तुम्हाला ठाऊकच. पहिली मोठी ऑर्डर मंगल कार्यालयाची. रविवारच्या लग्नाला वीस कूलर. ते नाही दिले तर माझी पाटी उतरली समजा. मी आणि तुमची सूनबाई मंजुषा रोज तीन बांधत होतो. (ती गवत भरते, मी पंप आणि वायर. आम्हाला बोलावं लागत नाही.) तरी घाबरून मी तुमच्याकडं माणसं मागितली. तुम्ही कडुबा आणि बद्रीनाथ धाडले. गुणी पोरं. त्यांना शिकवताना माझा स्क्रूड्रायव्हर दिवसभर हातातच राहिला. कूलर एकच झाला. म्हणून मी आणखी माणसं मागितली. (तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.) आणखी तिघे आले. त्यांना कडुबा शिकवू लागला, त्याला कळलं होतं तेवढं. काल पंप कुणी लावला यावरून कडुबा आणि बद्रीची बैठक बसली. "बद्रीनं लावला म्हणलो ना!" "म्या? मला वाटलं तूच लावला." "मग काय आपोआप बसला व्हय?" खात्रीसाठी तयार कूलर खोलले. संध्याकाळी मोजले तर सकाळपेक्षा दोन कमी!

आज दुपारी पाचही जण मकबरा बघायला गेले. दुकान शांत. आणि मामा, तेवढ्यात आम्ही तीन बांधले! तीन! एक चालू केला. गार वारा आला, मंजुषाचा पदर उडाला, आणि किती दिवसांनी ती हसली. पोरं वाईट नाहीत. पण प्रत्येक नवा माणूस आधीच्या सगळ्यांना विचारतो, आणि ते सगळे मला.

मामींना नमस्कार.

तुमचा,
गोकुळ

ता. क. हे फोनवर बोलता येत नाही, दुकानात पाच जणांचे कान आहेत. व्हॉट्सॲपवर कडुबानं 'कूलर टीम' काढलीय, तिच्यात तर तुम्हीही आहात, उत्तर हमखास तिथंच टाकाल. म्हणून बंद पाकीट कडुबाच्याच हाती. शेतात काहीतरी काम काढा, बाकीच्या चौघांनाही बोलावून घ्या. रविवारपर्यंत सोडू नका.

ता. क. २. कडुबा एकटा जायला तयार नाही. पाचही निघाले! मामा, ऑर्डर होणार!

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो. कडुबा म्हणाला, "दादा, टेन्शन नको घेऊ. आमच्या जागी बजाजनगरचे आठ जण बोलावलेत. लई कामाचे हायेत." दारात आलेत. चहा ठेवलाय. कूलर चालूच आहे. मंजुषा हसत नाही.