म्हातारीचे पट्टे

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! दोन ट्रंका, एक शेगडी, मावशी आणि मावशीची जीभ, सगळं सुखरूप पोचलं. आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं, त्यामुळे नोकरी माझी असली तरी क्वार्टर पास करायचं काम तिचं. ओट्यावरून हात फिरवून, खिडकीची कडी तीनदा लावून-काढून, नळ सोडून पाहून ती शेवटी "चालेल" म्हणाली. नेमणुकीच्या पत्रापेक्षा मला याचंच जास्त बरं वाटलं.

प्रयोगशाळा याच आवारात, दारापासून चाळीस पावलांवर. टेकडीखालच्या वस्तीत दीड महिना जुलाबाची साथ आहे. नऊ माणसं गेली, त्यातली सहा लहान मुलं. रोग्यांच्या शौचातले जंतू वाढवायचे, त्यांच्या डीएनएचे तुकडे करून ते विजेवर पळवायचे आणि दिव्याखाली उमटणारे पट्टे बघायचे, हे माझं काम. जंतूच्या प्रत्येक वाणाचे पट्टे वेगळे. सगळ्यांचे सारखे निघाले की समजायचं, उगम एकच आहे. मग तो शोधून बंद करायचा. आधीच्या माणसाला हे दीड महिन्यात जमलं नाही. मला पंधरवड्यात जमेल. मावशी म्हणाली, गर्वाचं घर खाली. म्हटलं, असू दे, आपलं क्वार्टर तळमजल्यावरच आहे.

पाणी उकळायचं का, असं तिने विचारलं. मला हसू आलं. टाकी आमच्या आवारातली, तपासणारे आम्हीच. कशाला गॅस जाळायचा?

मंगळवार, ५ मार्च

साहेब मऊ बोलणारे, कडक इस्त्रीचे. त्यांनी स्वतः फिरून सगळं दाखवलं आणि शेवटी फ्रीझर उघडून म्हणाले, ही आमची म्हातारी. म्हातारी म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या एका साथीतला जंतू, बर्फात जपून ठेवलेला. रोज तिचा कण काढून ताज्या बशीत वाढवायचा आणि चाचणीच्या जेलीत नमुन्यांसाठी ओळीने घरं पाडलेली असतात, त्यातलं पहिलं तिला द्यायचं. तिचे पट्टे नीट उमटले म्हणजे चाचणी नीट झाली. भिंतीवर साहेबांच्या अक्षरात पाटी आहे: "रोग्याचे पट्टे म्हातारीशी जुळल्यास ती उडून दुसऱ्या घरांत गेली असे समजावे. चाचणी फेकून पुन्हा करावी." शहाणपणाचा नियम आहे. आम्हाला कॉलेजात हेच शिकवलं होतं.

काचेच्या बशा धुणाऱ्या एक बाई आहेत. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग विचारलं, चार नंबरात उतरलात का? हो म्हटलं. त्या पुन्हा बशा घासायला लागल्या.

शुक्रवार, ८ मार्च

पहिली चाचणी. बारा रोगी, बाराही हुबेहूब म्हातारीसारखे. इतकी लाज वाटली! पहिल्याच घासाला खडा. म्हणजे माझ्याच हातून म्हातारी सगळीकडे सांडली. सगळं फेकलं. साहेब रागावले नाहीत. आधीच्याचंही असंच व्हायचं म्हणाले. त्या आधीच्याशी तुलना झाली याचाच मला जास्त राग आला.

मंगळवार, १२ मार्च

तिसऱ्यांदा तेच. नवे हातमोजे, नव्या नळ्या, म्हातारीसाठी वेगळं टेबल. खात्री व्हावी म्हणून तिच्या एकीऐवजी सहा-सहा बशा लावल्या. तरी पट्टे तेच. पुन्हा फेकलं. एवढ्या दिवसांत एक ओळसुद्धा अहवालात लिहिता आली नाही, आणि रुग्णालयात गेल्या आठवड्यात चाळीस होते ते आता नव्वद झालेत. जमिनीवर गाद्या घातल्यात.

जेवताना मावशीपुढे चिडचिड केली. तिला जंतूतलं ओ की ठो कळत नाही. पण ती म्हणाली, अगं, एक माणूस तीनदा तेच सांगतोय तर एकदा ऐकून तरी घे. मी तिला वरण वाढ म्हटलं.

बुधवार, १३ मार्च

ऐकायचं ठरवलं. आधी कपाटातून आधीच्याची वही काढली. प्रत्येक पानावर एकच मजकूर: "म्हातारीशी जुळले. फेकले. पुन्हा." सव्वीस वेळा. शेवटच्या पानावर अक्षर पार वाकडं झालंय. तिथे रोग्याच्या नावाच्या जागी फक्त "क्वार्टर ४" लिहिलंय आणि पुढे तेच, म्हातारीशी जुळले. आमच्या आधी इथे तोच राहायचा. त्याने स्वतःलाच तपासलं होतं. आणि नियम म्हणून तेही फेकलं होतं.

साहेबांना विचारलं, तो कुठे गेला? सोडून गेला म्हणाले. बशावाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गेला खरा, चौघांनी उचलून.

आता नियम गेला खड्ड्यात. रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडची एक खोली दिली. तिथे सगळं सामान नवं, आणि म्हातारी नाही. ती इकडे फ्रीझरमध्ये, कुलपात. बारा नमुने लावले. तेरावा माझ्या स्वयंपाकघरातलं पेलाभर पाणी. तो का लावला ते लिहवत नाही.

शनिवार, १६ मार्च

तेराही तेच.

म्हातारी त्या खोलीत नव्हती. ती माझ्या हातून सांडलेली नाही. ती रोग्यांच्या पोटात आहे. चाचणी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती आणि आम्ही तिला खोटारडी ठरवून कचऱ्यात टाकत होतो. सव्वीस त्याच्या, तीन माझ्या.

आणि ती माझ्या नळात आहे.

धावत घरी आले. मावशी मोरीच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे पडलेले. सकाळपासून चौदा वेळा, पण तुला कामात कशाला त्रास म्हणून सांगितलं नाही म्हणाली. जेवलीस का म्हणून मलाच विचारलं. मला ओरडून रडावंसं वाटलं, पण आधी रिक्षा आणली.

रविवार, १७ मार्च

मावशीला तीन बाटल्या चढल्या. नाडी लागतेय, पण बारीक. डॉक्टरीणबाई म्हणतात उद्या कळेल.

तिच्या उशाशी बसून डोक्यात एकच — बर्फातली म्हातारी टाकीत गेली कशी? बशावाल्या बाईंच्या घरी गेले. त्यांनी सरळ सांगितलं, लपवायचं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. वापरलेल्या बशा ज्या मोठ्या कुकरमध्ये उकळून मारायच्या, तो अडीच महिने बंद आहे. लिहू नका, दुरुस्त होईल, असं साहेब म्हणाले. तोवर बशा गरम पाण्याने धुवायच्या, पाणी मोरीत. मोरीचा पाइप जमिनीतल्या टाकीला लागून जातो. तो फुटलाय. तिथे कायम ओल असते, बाई म्हणाल्या, गवत बघा केवढं वाढलंय.

अडीच महिने. साथीच्या आधीपासून.

घरी येऊन हिशेब मांडला. नको होता मांडायला. रोज चाचणी, रोज म्हातारीची नवी बशी, रोज ती मोरीत. चाचणी फेकली की पुन्हा, पुन्हा म्हणजे आणखी बशा. मी खात्रीसाठी सहा-सहा लावल्या. चाळीसचे नव्वद त्याच आठवड्यात झाले. साथ शोधता शोधता मीच तिला जेवू घालत होते.

साहेबांकडे गेले. टाकी बंद करायला प्रयोगशाळेचा, म्हणजे साहेबांच्या सहीचा, अहवाल लागतो. त्यांनी पट्ट्यांचे फोटो पाहिले, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, जुळलेत ना? मग नियम माहीत आहे तुम्हाला. फेका. मी म्हटलं, आता तुम्हीच फेकून दाखवा, एक प्रत जिल्ह्याला गेलीय. डॉक्टरीणबाईंच्या हाती दिलीय. त्या उद्या पाच वाजेपर्यंत टाकी बंद करायचा हुकूम घेऊन येतात.

पण खालच्या वस्तीला याच टाकीचं पाणी सुटतं दुपारी चारला. पाचला नाही.

सोमवार, १८ मार्च, दुपार

पंपघरात आहे. आतून कडी लावलीय. पंपवाल्याने किल्ली आपणहून दिली, त्याची मुलगी जमिनीवरच्या गादीवर आहे. वस्तीकडे जाणाऱ्या पाइपावरचं मोठं चाक फिरवून पाणी बंद केलं. हाताची सालं निघाली. आता हे चाक उघडायचं तर माझ्या अंगावरून जावं लागेल.

सकाळपासून मलाही सुरू झालंय. व्हायचंच. पाणी तेच प्यायले ना. कोपऱ्यात बादली आहे. लाज वगैरे नंतर.

३.१०

साहेब दाराशी. आवाज तोच मऊ. म्हणतात, बाई, तुम्ही तापात आहात, वस्तीला तहानेने मारणार का. म्हटलं, खालच्या चौकात टँकर उभे आहेत, मीच मागवलेत.

माझाही नमुना बाटलीत भरून ठेवलाय. नाव घालून. पूर्ण नाव.

३.४०

पायात गोळे. तहान — असली तहान कधी नाही. चाकाच्या जोडातून थेंब पडतो. टप. मोजत बसलेय. जीभ लाकूड झालीय आणि हातभर अंतरावर पाणी. म्हातारीचं पाणी. थंड असेल. नाही. नाही म्हणजे नाही. मला एकदा फसवलंस, पुरे.

४.०५

पाणी सुटलं नाही. सुटलं नाही! बाहेर साहेबांची माणसं वाढली. दार हलतंय. बिजागरी वरची —

साहेब म्हणतात मावशी माझं नाव घेतेय, शेवटचं भेटून जा. खोटं असेल. खरं असलं तर —

४.२०

जीव तिथे ओढतोय. रुग्णालय दोनशे पावलांवर. उभं राहता येत नाही, पण रांगत जाईन. कडी काढली की संपलं. हे लोक चाक फिरवणार. खाली मुलं रांगेत हंडे घेऊन —

नाही काढणार.

४.३५

आता म्हणतात ती गेली. आता तरी उघडा. मघाशी बोलावत होती, आता गेली. दोन्हींतलं एक खोटं. दोन्ही खोटं. मावशी, मी येत नाहीये. ऐकतेस ना, मुद्दाम येत नाहीये —

४.५०

वरची बिजागरी निघाली. गाडीचा आवाज. डॉक्टरीणबाईंची का — कळत नाही. चाकात दोन्ही हात घातलेत, ओढणीने बांधलेत. एक सोडवला, लिहायला. तोही घालते. दहा मिनिटं. मावशी इथे असती तर तिनेच दटावलं असतं, उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे, आणि मी तिला म्हटलं असतं, अगं तू काळजी करू नकोस, मी काही —