एकटीचा ग्रुप

माय, मागच्या महिन्यात मी लाओसला जाऊन आले. थायलंडच्या पलीकडं, चारी बाजूंनी दुसऱ्या देशांनी वेढलेला तो एक डोंगराळ देश आहे. तुला तो ठाऊक असण्याचं कारण नाही, मलाही पूर्वी नकाशात पटकन दाखवता आला नसता. एकटीच गेले होते. तू वारलीस तेव्हा मी मेहकरच्या शाळेत नुकतीच लागले होते, मुलांना गणित शिकवत होते, आणि माझ्याकडं पासपोर्टसुद्धा नव्हता. आता पासपोर्टचं दुसरं पुस्तक सुरू आहे. बाजारात भेटले की लोक विचारतात, 'टीचर, आता कुठं?' मीही सांगते, छाती थोडी पुढं काढूनच सांगते. पण लाओसमध्ये जे घडलं ते मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही. ते आधी तुला कळायला पाहिजे असं वाटत राहिलं, म्हणून आज रविवार पाहून लिहायला बसले आहे.

तू नर्स आहेस म्हणजे नेमकं काय करतेस हे मला पहिल्यांदा कळलं ते एका दिवाळीच्या सुट्टीत. बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि मला घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तू मला सोबत घेतलंस. खांद्याला लसीचा डबा, हातात पिशवी, पायात त्या काळ्या चपला. उपकेंद्रापासून वस्तीपर्यंत धड रस्ता नव्हता. आपण शेतांच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं चालत होतो, दोन्हीकडं कापसाची पऱ्हाटी फुटलेली, आणि तू एवढी भरभर चालायचीस की मला अधूनमधून पळावं लागायचं. वस्तीवर निंबाखाली बाजेवर बसलेले एक आजोबा म्हणाले, "बाई, एवढ्या आडरानातून येता, संगं मानूस नाही कोनी?" तू डबा खाली ठेवत म्हणालीस, "मानूस कायले पाह्यजे? सुई त मलेच टोचा लागते." तिथल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तू हसली नाहीस. तू एका बाळाची मांडी पुसत होतीस. परतताना मी विचारलं, की रस्ता चुकला तर काय करतेस. तू म्हणालीस, "बाईले इच्यारायचं. अन् एकीले नाही, दोघींले. दोघींनी एकच बोट दाखवलं की चालाले लागायचं." माय, मी जगात जिथं जिथं गेले तिथं याच हिशोबानं गेले. फोनमध्ये नकाशा असतो, तरीही दोघींना विचारते.

आणि तो चिखलीचा दिवस. बारावी झाली होती, अकोल्याला कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता. मामा सोबत यायला तयार होते, तू त्यांना नको म्हणालीस. मी मेहकरच्या स्टँडवर गर्दीत पाटी न वाचता गाडीत शिरले, खिडकीची जागा मिळाली याच आनंदात झोपले, आणि उठले तेव्हा गाडी चिखलीत उभी. अकोला एका बाजूला, चिखली अगदी दुसऱ्या बाजूला. मी स्टँडवर रडले, मिळेल त्या गाडीनं परत आले, आणि दिवेलागणीला घरात शिरले तेव्हा तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मला वाटलं, आता जवळ घेशील, म्हणशील, जाऊ दे, मामाला पाठवते. तू भाकरी उलटलीस आणि विचारलंस, "चिखली कशी हाय मंग?"

मी रागानं म्हणाले, "मले काय माहीत. मी काय चिखली पाहाले गेली होती काय?"

"गेली होतीस नं. पाह्यली असतीस. उद्या अकोला पाह्य."

"तू ये संगं."

"मी नाही येत. थो रस्ता मलेबी नवाच हाय. दोघी मिळून चुकू त्यापरीस तू एकटीच जाय, शिकशीन तरी."

त्या वेळी मला तू कठोर वाटली होतीस. त्या भाकरीला मी हात लावला नाही, मग भूक लागली आणि दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पाटी वाचून गाडीत बसले आणि अकोल्याला पोचले. प्रवेश घेऊन बाहेर आले तेव्हा लगेच परतीची गाडी धरली नाही. बाजारातून उगाच हिंडले, एका दुकानासमोर उभी राहून कुल्फी खाल्ली, किल्ल्याची भिंत पाहिली. कोणी ओळखत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. जगातला माझा पहिला प्रवास तोच. बाकीचे सगळे त्याच्या पुढचे आहेत.

परदेशाचं मनात आलं ते माझी पोरगी शिकायला बाहेर गेल्यावर. तुझे जावई कसे आहेत तुला माहीत आहे. त्यांना बुलढाण्याला जायचं म्हटलं तरी दोन दिवस आधी पोट बिघडतं. मी भीतभीत विषय काढला तेव्हा ते पेपर वाचत होते. म्हणाले, "तू जाऊन ये ना. मले इमानात कायले कोंबतं? सिलिंडर यायचं हाय, कोनी त पाह्यजे घरी." त्यांचं हे एवढं वाक्य मी अजून विसरलेली नाही. नातेवाईक मात्र खूप बोलले. नवरा असून एकटी कशी जाते, वय काय, कोणी काही केलं तर. पहिल्या वेळी मी श्रीलंकेला गेले. मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट पाहणाऱ्या तरुण साहेबानं माझ्या मागं पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचा ग्रुप कुठंय?" त्याला वाटलं, यात्रा कंपनीबरोबर आलेली बाई मागं राहिली. मी म्हणाले, "मीच ग्रुप आहे." त्यानं शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "मग हरवू नका." मी पुढं गेले ते ताठ मानेनं, आणि माझ्या विमानाचं फाटक शोधायला दोन बायांना विचारलं.

त्यानंतर दर उन्हाळ्याला नाहीतर दिवाळीला कुठंतरी. व्हिएतनाम, केनिया, जॉर्जिया. जॉर्जियात एका खेड्यात मी ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या बाईला मी आपला ठेचा चाखायला दिला. मला वाटलं होतं, ठसका लागेल. तिनं भाकरीसारखा जाड पाव तोडला, ठेचा लावला, शांतपणे चावला, आणि आत जाऊन तिचा ठेचा घेऊन आली. लाल मिरची, लसूण, अक्रोड. मला ठसका लागला. केनियात भाजीबाजारात बाया जमिनीवर पोती अंथरून बसल्या होत्या, अगदी मोताळ्याच्या आठवडी बाजारासारख्या, आणि मी तिथं एकीजवळ बूड टेकून बसले तर तिनं मला शेंगा सोलायला दिल्या. माझं इंग्रजी शाळेपुरतं. म्हणून मी आता सरळ आपल्या बोलीत बोलते, हातवारे करते. समोरची तिच्या भाषेत बोलते. काम अडत नाही.

आता लाओस. उत्तरेकडं एका नदीतून लांबट लाकडी होडीनं मी वरच्या गावी निघाले होते. होडीत तिथलीच माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती. मध्येच खडकावर आपटून होडीच्या इंजिनाचा पाण्यातला पंखा तुटला. नावाड्यानं कशीबशी होडी काठाला लावली आणि हातानं सांगितलं की आज काही जमायचं नाही. बाकीचे सामान उचलून चढणीला लागले. मी काठावर उभी. फोनला रेंज नव्हती. खोटं कशाला सांगू, माझं तोंड सुकलं. मग मनात म्हटलं, ही माझी चिखलीच झाली. एका बाईला हात करून विचारलं, गाव कुठं. तिनं वर बोट दाखवलं. दुसरीला विचारलं, तिनंही तिकडंच दाखवलं. मी चढले.

ती दुसरी बाईच मला तिच्या घरी घेऊन गेली. लाकडी खांबांवर उभं घर, खाली बदकं. तिनं चिकट भात दिला, पानात भाजलेला मासा दिला. ऊन कलल्यावर तिनं आणि तिच्या म्हाताऱ्या आईनं स्वच्छ लुगड्यासारखी वस्त्रं नेसली, खांद्यावर पट्टा टाकला आणि मला खुणेनं चल म्हणाल्या. पौर्णिमा होती. गावाच्या टोकाला छोटं विहार, आपल्या गल्लीतल्या विहारापेक्षा फार मोठं नाही. बाया पाय एका बाजूला मुडपून बसल्या होत्या. मी सगळ्यांच्या मागं, दाराजवळ बसले. तूही दाराजवळच बसायचीस, कधी कोणाचं बाळंतपण निघेल म्हणून.

भंतेंनी सुरुवात केली. उच्चार वेगळे, चाल संथ, मला काही कळेना. मग त्यांनी त्याच ओळी पुन्हा म्हटल्या, आणि प्रत्येकीआधी एक शब्द जोडला. मग तिसऱ्यांदा म्हटल्या, आता आधी दुसरा शब्द. दुतियंपि. ततियंपि. माय, माझ्या अंगावर काटा आला. हे तर त्रिसरण, आपलं बुद्धं सरणं गच्छामि. हे तर मला बोलता यायला लागलं तेव्हापासून पाठ आहे. मी मागून म्हणायला लागले, आधी हळू, मग पंचशील सुरू झालं तेव्हा मोकळ्या आवाजात. तू वंदना एवढ्या घाईत म्हणायचीस की त्यांची एकदा होईस्तोवर तुझी दोनदा झाली असती. मी त्यांच्या चालीनं म्हटलं. पुढच्या बायांनी एकएक करत माना वळवल्या. ती म्हातारी उठली आणि येऊन माझ्याजवळ बसली. काहीतरी विचारलं. मी म्हणाले, "इंडिया." तिनं माझ्या ओठांकडं बोट केलं, हे कोणी शिकवलं असंच विचारत असणार. मी म्हणाले, "मायनं. माह्या मायनं शिकवलं." तिला शब्द कळले नसतील. तिनं मान हलवली आणि सगळ्या बायांकडं पाहून मोठ्यानं काहीतरी सांगितलं, आणि त्या हसल्या, सरकल्या, मला पुढं घेतलं.

नंतर तिनं माझ्या मनगटावर पांढरा दोरा बांधला. परित्राण पाठ झाल्यावर तू बांधायचीस तसाच, फक्त तिनं गाठ मारताना तोंडानं पुटपुटत माझ्या तळहातावरून दोरा फिरवला. मी घरापासून एवढ्या लांब, ज्या गावाचं नावही मला म्हणता येत नव्हतं तिथं, बायांच्या मध्ये बसले होते आणि मला परकं वाटत नव्हतं. तेव्हा मला कसला अभिमान वाटला ते सांगते. मी इथवर आले याचा तर वाटलाच. पण त्याहून जास्त याचा, की लसीचा डबा घेऊन धुऱ्यानं चालणाऱ्या एका बाईनं घाईघाईत पोरीला जे पाठ करून दिलं, ते त्या डोंगरात चाललं. तू मेहकर तालुक्याबाहेर फारशी गेली नाहीस, आणि तरी त्या दिवशी त्या विहारात मी तुझी मुलगी म्हणून ओळखले गेले.

परत आल्यावर गल्लीतली एक बाई तिच्या पोरीला घेऊन आली. पोरीला नर्सिंगला संभाजीनगरला जायचं आहे, घरचे एकटीला सोडत नाहीत. ती बाई म्हणाली, "तुमी सांगा न टीचर आमच्या घरी, तुमचं ऐकतीन." मी गेले, त्या घरी चहा घेतला, तासभर बोलले. पोरगी पुढच्या आठवड्यात जाते आहे. तिचे वडील सोडायला जाणार होते. मी त्यांना म्हणाले, स्टँडपर्यंत जा, गाडीत बसू नका.

शाळेतल्या मुली आपसात म्हणतात, टीचरला भेवच लागत नाही. तुझे जावईही पाहुण्यांना हेच सांगतात. मी ऐकून घेते, कोणाला दुरुस्त करत नाही. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरून दाराशी ठेवलेली असते, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून मनातल्या मनात म्हणत असते, काहीतरी होवो आणि ते विमान रद्द होवो. वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवते. त्या धुऱ्यावरून चालताना तुलाही असं व्हायचं का, हे मी कधी विचारलं नाही, आणि हा कागदही आता पोस्टात टाकून तुझ्यापर्यंत पोचायचा नाही. मला लागते भेव, माय. दर वेळी लागते.